ठकूबाईच्या खोपटातली जागा

पौष लागला की श्रीतुळाजी महाराज गारमाथ्याला येत. आता कोणी म्हणेल, थंडीच्या दिवसांत माणसाने खाली नदीकाठच्या उबदार गावात राहावे, या उघड्या डोंगरमाथ्यावर कशाला यावे? गारमाथ्याला ना आडोसा, ना झाडी. वारा सुटला म्हणजे थेट हाडापर्यंत जाऊन येतो. पण महाराजांचे सगळे असेच उलटे! उन्हाळ्यात ते तापलेल्या खोऱ्यात उतरत आणि हिवाळ्यात माथ्यावर चढत. कोणी विचारलेच तर हसून म्हणत, "अरे, जिथे गारठा, तिथेच शेकोटीचे काम."

मारुतीच्या देवळाची ओसरी, अंगावर एक काळी घोंगडी आणि सकाळी वाटीभर शेळीचे दूध, एवढ्यावर त्यांचा महिना जाई. ते दूध आणून देई ठकूबाई.

ठकूबाई म्हणजे गावापासून पाऊण कोसावर, ओढ्याच्या काठाला राहणारी एकटी बाई. नवरा ऐन उमेदीत तापाने गेला. मूलबाळ नाही, सासरी कोणी विचारीना. मागे उरली होती एक शेळी. तिच्यावरच ठकूबाईने दिवस काढले आणि अकरा वर्षांत एकीच्या नऊ झाल्या. नऊही जणींना ती लेकी म्हणे. भांडण त्यांच्याशी, लाडही त्यांचेच. "भवाने, काल दूध चोरलंस ना? आज शेंगा नाहीत तुला," असे म्हणायचे आणि दोन मुठी जास्तच टाकायच्या, अशी तिची रीत. या नऊ जणींपैकी कोणाला काही झाले तर बाईला दुसरे कोण होते?

शेळ्यांचे खोपट तिने स्वतःच्या हाताने उभारले होते. चार हात रुंद, सहा हात लांब. तुराट्यांचा कूड, त्याला शेणमातीचा गिलावा, वर गवताचे छप्पर. खाली कोरडी राख आणि पाचोळा. रोज दिवेलागणीआधी ती आत जाऊन जमिनीवर तळवा फिरवी. ओल लागली की सगळा पाचोळा बाहेर काढून नवा घाली, मग कंबर मोडली तरी बेहत्तर. शेळ्यांना सांजेला पोटभर सुका चारा देई, कारण शेळीची शेगडी तिच्या पोटात असते. म्हाताऱ्या शेळ्यांना बारदानाच्या झुली शिवल्या होत्या. आणि आढ्याखाली, एका टोकाला, वीतभर फट ठेवली होती.

ही फट महाराजांनी सांगितलेली. पहिल्या वर्षीच खोपट पाहून ते म्हणाले होते, "ठकू, जनावराला खालून वारा लागू देऊ नकोस आणि वरून त्याचा श्वास कोंडू नकोस. बाकीचे बघणारा बसला आहे." ठकूबाईने ते शब्द गाठीला बांधले. थंडीत सारे गाव बोटाएवढी भोकेसुद्धा चिंध्या कोंबून बुजवी, पण ही बाई फट तेवढी उघडी ठेवी. महाराजांनी सांगितले ना? मग झाले!

गावात रंभाजीराव मोकाशी म्हणून एक मोठी असामी होती. मनुष्य वाईट नव्हे हो! त्यांच्या दारचा कोणी उपाशी जात नसे, मारुतीचा उत्सव त्यांच्याच पुढाकाराने होई. पण एक खोड होती. आपल्याला सगळे कळते, ही ती खोड. आणि या दुखण्याचे असे आहे की ज्याला ते होते त्याला दुखत नाही, शेजाऱ्यांना दुखते.

त्या साली मोकाशींनी चाळीस शेळ्यांचा कळप केला आणि ओढ्याकाठच्या आपल्या रानात, ठकूबाईच्या खोपटापासून हाकेच्या अंतरावर, दगडी गोठा बांधला. चिरेबंदी भिंती, सागवानी दार, वर जाड फळ्या आणि फळ्यांवर पेंढा. दगडादगडांतल्या सांधी चिकणमाती थापून बंद केलेल्या. काम पुरे होऊन शेळ्या दोन रात्री आत राहिल्या तेव्हा त्यांनी महाराजांना मुद्दाम पायधूळ झाडायला नेले.

"बघा महाराज," मोकाशी दाराची कडी वाजवत म्हणाले, "वारा तर राहूच द्या, माशी आत यायची नाही!"

महाराज आत गेले. इकडेतिकडे पाहिले. मग भिंतीवरून बोट फिरवून ते बोट मोकाशींच्या पुढे धरले. बोट ओले होते.

"माशी यायची नाही हे खरे," महाराज म्हणाले, "पण रंभाजी, आतली वाफ जायची कुठून? चाळीस जीव श्वास सोडणार. तो भिंतीला लागून पाणी होणार. थंडीने शेळी मरत नाही रे बाबा, ओलीने मरते. वर एक झरोका ठेव."

मोकाशी मोठ्याने हसले. "महाराज, देवाचं तुम्ही बघा, शेळ्यांचं आम्ही बघतो. झरोका ठेवला तर गोठा कशाला बांधला? आणि गारठा फारच पडला तर आत गोवऱ्यांचा विस्तव ठेवू. हाय काय अन् नाय काय!"

महाराज बाहेर आले. गोठ्याबाहेर एक शेळी उभी होती, तिच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई दुधाची वाटी घेऊन पारावरून चालली होती. मोकाशी चारचौघांत बसले होते. त्यांना कालचे लागलेच होते. महाराजांवर राग काढता येईना, मग तो निघाला गरिबावर. नेहमीचेच आहे हे!

"काय ठके, तुझ्या शेळ्या झोपतात तरी कशा गं? पाळीपाळीनं?" मोकाशी म्हणाले. "शेळी आत गेली की शिंगं बाहेर, असलं तुझं खोपट. आणि त्यालाही वर भोक! थंडीला पाटावर बसवून जेवायला वाढतेस होय?"

पार खदखदून हसला. ठकूबाईने पदर सावरला. "गरिबाचं खोपट आहे अण्णा," ती म्हणाली, "पण माझ्या लेकी सुखात हाइत." आणि वाटी सांभाळत ती पुढे गेली. देवळात पोहोचेपर्यंत मात्र तिचे डोळे भरून आले. महाराजांनी ते पाहिले, दूध घेतले आणि एवढेच म्हणाले, "आज दूध खारट लागते गं." तेव्हा ती रडता रडता हसली.

त्यानंतर चार दिवसांनी थंडीची लाट आली. अशी थंडी गारमाथ्याच्या म्हाताऱ्यांनीही पाहिली नव्हती. उत्तरेचा वारा तीन दिवस थांबला नाही. अंगणातल्या घागरीत पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला. आणि चौथ्या दिवशी उजाडताना वाऱ्याबरोबर बारीक, बोचरा पाऊस सुरू झाला.

त्या सकाळी ठकूबाई दूध घेऊन देवळाकडे गेलीच नाही. तिची बांडी नावाची शेळी, सगळ्यांत पहिल्या शेळीची शेवटची लेक, दिवस भरलेली होती आणि तिला कळा लागल्या होत्या. बांडीचे हे पहिलेच वेत. तिला सोडून ठकूबाई जाणार कशी? ती खोपटात बांडीच्या पाठीवर हात फिरवत बसली होती, तेवढ्यात दारात काळी घोंगडी दिसली. महाराज स्वतःच पावसातून चालत आले होते!

"दूध आले नाही, म्हणून म्हटले आपणच जावे," महाराज म्हणाले आणि दाराशी पायरीच्या दगडावर बसले. "कशी आहे पोर?"

"भ्यालीय, महाराज. आणि मीबी भ्यालेय."

"भिऊ दे. भीती काय, पाहुणी आहे. चहापाण्यापुरती थांबते."

हे बोलणे चालू असतानाच मोकाशींच्या गोठ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. झाले होते ते असे. मोकाशींनी आदल्या सांजेला गोठ्यात पाटीभर गोवऱ्यांचा विस्तव ठेवून दार घट्ट लावून घेतले होते. वर झरोका नाही. धूर आत, वाफ आत. सकाळी मुकिंदा नावाच्या त्यांच्या गड्याने दार उघडले, तेव्हा आतून धुराचा लोट अंगावर आला. दोन शेळ्या मरून पडल्या होत्या. बाकीच्या ओल्याचिंब, खोकत, ठेचकाळत बाहेर धावल्या. आणि उघड्या दारातून वारा घुसला तो नेमका विस्तवावर. ठिणग्या उडाल्या, खालचे गवत पेटले, मग फळ्या, मग पेंढा. बाहेरचा पाऊस इतका बारीक की तो आग विझवीना, पण शेळ्यांना भिजवायला मात्र पुरेसा!

मोकाशी धूर पाहून गावातून धावत आले, तोवर छप्पर खाली बसले होते. अडतीस शेळ्या उघड्या माळावर पाऊस झेलत उभ्या. गाव पाऊण कोस. मुकिंदाने त्यांना गावाकडे हाकायचा प्रयत्न केला, पण वीस पावलांत चार शेळ्या गुडघ्यांवर बसल्या. आणखी घटकाभर त्या तशा उभ्या राहिल्या असत्या, तर एकही वाचली नसती. त्या सगळ्या रानात आता छप्पर एकच होते.

मोकाशी खोपटाजवळ आले. अंगावरची शाल भिजून चिकटलेली, डोळे धुराने लाल. ते महाराजांना म्हणाले, "महाराज, काहीतरी करा. वाचवा माझी जनावरं."

"मी काय करू?" महाराज शांतपणे म्हणाले. "छप्पर माझे नाही. ज्याचे आहे त्याला विचार."

मोकाशींनी मान खाली घातली. शेवटी कसेबसे म्हणाले, "ठकूबाई, जागा देशील?"

आता मंडळी, ठकूबाई संत नव्हती. तुमच्याआमच्यासारखी बाई होती. ती तडक उभी राहिली. "जागा?" ती म्हणाली. "अण्णा, शेळी आत गेली की शिंगं बाहेर राहतात ना माझ्या खोपटात? आठ दिवसांपूर्वीच सांगितलंत. अख्खा पार हसला. आणि आता अडतीस शेळ्या आत घेऊ? माझी बांडी कळा देतीय. एवढ्या जनावरांत तिचं करडू पायाखाली जाईल, चिरडून मरेल! माझ्याकडं नवांशिवाय दुसरं काय हाय सांगा?"

ठकूबाई महाराजांकडे वळली. "तुम्ही सांगा महाराज. तुम्ही म्हणाल तसं करीन."

"मी सांगणार नाही," महाराज म्हणाले. "तुझा राग खरा आहे, तुझी भीतीही खरी आहे. शेळ्या तुझ्या, खोपट तुझे. तू नाही म्हणालीस, तरी उद्या मी तुझ्याच हातचे दूध पिईन."

मोकाशींच्या शेळ्यांतली एक म्हातारी, कान तुटलेली शेळी कशीबशी दारापर्यंत आली होती. तिचे सारे अंग लटलट कापत होते, नाकाशी फेस होता. तिने ओरडायला तोंड उघडले, पण आवाजच निघाला नाही. ठकूबाईने तिच्याकडे पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मेलं माझं नशीब!" ती म्हणाली. "अहो, राग माणसाचा. जनावर का पारावर हसायला आलं होतं? आणा, आणा आत! जेवढ्या मावतील तेवढ्या आणा. महाराज, माझ्या बांडीला तेवढं सांभाळा."

महाराज उठले. दाराशी उभे राहून त्यांनी घोंगडी खांद्यावरून काढली आणि आत येणाऱ्या प्रत्येक शेळीचे ओले अंग त्या घोंगडीने पुसायला सुरुवात केली. मुकिंदा एकेकीला पुढे आणत होता आणि मोजत होता. पाठीवर महाराजांचा हात फिरायचा, "ये गं माये," म्हणायचे आणि शेळी आत जायची. एक झाली, दोन झाल्या. सहा झाल्या तेव्हा मुकिंदा थांबला.

"महाराज, आता भरलं."

"तू आण रे," महाराज म्हणाले.

सातवी गेली. दहावी गेली. पंधरावी आत गेली तेव्हा मुकिंदाने आकडा दोनदा म्हणून पाहिला. कूड आता फुटतो की मग फुटतो असे वाटून मोकाशी बाहेरून भिंतीला हात लावून बघत होते. भिंत फुगून बाहेर आली नव्हती. एक तुराटी करकरली नाही. वीस. पंचवीस. तीस. महाराजांची घोंगडी भिजून जड झाली होती, ते ती पिळत आणि पुन्हा पुसत. अंगात साधी बंडी, वरून पाऊस, पण चेहऱ्यावर कसला आनंद! अडतिसावी शेळी आत गेली. ठकूबाईच्या नऊ धरून सत्तेचाळीस!

चार हात रुंद आणि सहा हात लांब. मंडळी, तुम्ही मनात हिशेब घालू लागलात ना? घालू नका. आमच्या आजोबांनी त्याच मापाची आखणी अंगणात करून पाहिली होती. अठरा शेळ्या दाटीवाटीने बसतात, एकोणिसावी बसत नाही. खोपट मोठे झाले म्हणावे तर ते बाहेरून होते तेवढेच दिसत होते. शेळ्या लहान झाल्या म्हणावे तर प्रत्येकीची शिंगे जागच्या जागी. मग हे घडले कसे? ज्यांनी घडवले त्यांना ठाऊक!

आत ठकूबाईला तर दाटी जाणवतच नव्हती. शेळ्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या, रवंथ करू लागल्या होत्या. सत्तेचाळीस पोटांची ऊब खोपटात भरली होती, आणि दमट वाफ तेवढी वरच्या फटीतून बाहेर पडत होती. पण खरे नवल कोपऱ्यात होते. बांडी जिथे बसली होती तिच्याभोवती हातभर जागा मोकळी राहिली होती. कोणी दावे बांधले नव्हते, कोणी काठी आडवी धरली नव्हती. तरी त्या जागेत एकाही शेळीने खूर ठेवला नाही!

बाहेर मोकाशी पावसात उभेच होते. महाराजांनी त्यांच्याकडे पाहिले. "तू का भिजतोस? जा आत."

"मला जागा आहे, महाराज?" मोकाशींनी विचारले. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात प्रथमच कोणाला विचारला असेल.

"तुझ्या शेळ्यांनी असे विचारले नव्हते," महाराज म्हणाले.

मोकाशी आत शिरले आणि शेळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसले. ती कानतुटकी म्हातारी सरकत आली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. एवढे मोठे मोकाशी, पण त्यांना रडू आवरेना. दोन मेलेल्या शेळ्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. "मीच मारल्या," ते पुटपुटले. "ओलं बोट दाखवलं होतं महाराजांनी. मला दिसलं नाही."

ठकूबाईला हे ऐकायला सवड नव्हती. बांडी मोठ्याने ओरडली आणि करडू बाहेर आले. काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा. पण ते हालेना! ठकूबाईने त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, मागचे पाय धरून उलटे केले, सुक्या पाचोळ्याने अंग चोळचोळ चोळले. "ऊठ रे राजा, ऊठ. एवढी माणसं बघायला आलीत तुला." करडू निपचित. तिने दाराकडे पाहिले. महाराज पायरीच्या दगडावर पाठमोरे बसले होते, वारा अडवत. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही, फक्त उजवा हात वर केला.

करडू शिंकले! शिंकले, मान झाडली आणि चिरक्या आवाजात "बें" केले. खोपटातल्या सत्तेचाळीस शेळ्यांनी एकदम ओ दिली, आणि त्या गलक्यात ठकूबाईही मोठ्याने रडली, ते कोणाला ऐकू गेले नाही.

पण बांडीच्या कळा थांबल्या नव्हत्या. पोटात दुसरेही होते. ठकूबाईला दोन्ही हात मोकळे हवे होते, आणि पहिले करडू तर ओलेच. तिने मागचापुढचा विचार केला नाही. ते थेट मोकाशींच्या अंगावर टाकले. "धरा! छातीशी धरा, उघड्या अंगाशी. शाल ओली आहे, ती फेका. आणि घट्ट धरा, पिळू नका!"

गारमाथ्याच्या मोकाशींना असा हुकूम कोणी सोडला नव्हता. त्यांनी मुकाट्याने अंगरख्याचे बंद सोडले, करडू छातीशी धरले आणि वरून दोन्ही हातांनी झाकून घेतले. ते चिमुकले काळीज त्यांच्या काळजाजवळ धडधडत होते. काही वेळाने दुसरे करडूही आले, ते मात्र आल्या आल्या उठायची धडपड करू लागले.

दुपार टळली तसा वारा पडला. पाऊस थांबला, ऊन आले. मुकिंदाने शेळ्या एकेक करून बाहेर काढल्या. अडतिसाच्या अडतीस चालत्या, कोरड्या, कान टवकारलेल्या! गावातून लोक धावत आले होते. त्या दिवशी पारावर जे जे हसले होते ते सगळे त्यांत होते. कोणी खोपटात डोकावून बघे, कोणी हाताने माप घेई, आणि पुन्हा पहिल्यापासून घेई.

मोकाशी बाहेर आले ते थेट महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय चटकन मागे घेतले. त्यांचे ओठ थंडीने निळे पडले होते, पण डोळे हसत होते. "इथे नव्हे रे रंभाजी," ते म्हणाले. "जागा मी दिली नाही. मी फक्त अंगे पुसली. जिने दिली ती आत बसली आहे."

मोकाशी वळले. साऱ्या गावादेखत ते पुन्हा खोपटात गेले आणि ठकूबाईपुढे गुडघ्यांवर बसले. "ठकूबाई," ते म्हणाले, "हसलो होतो मी. चुकलो." आणि त्यांनी तिच्या पायांशी कपाळ टेकले.

ठकूबाई घाबरून मागे सरली. "अहो अण्णा, हे काय करता! उठा आधी. अन् करडू कुठं ठेवलंत? खाली का ठेवलंत त्याला? उचला, उचला, गारठेल ना ते! आजच जन्मलंय ते!"

मोकाशींनी लगबगीने करडू उचलून पुन्हा छातीशी धरले. तसेच ते बाहेर महाराजांसमोर आले. हात जोडायचे होते, पण दोन्ही हात करडात गुंतलेले. ते गोंधळून नुसतेच उभे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

महाराज म्हणाले, "असू दे, असू दे. पोचला नमस्कार."